रिकाम्या बाटलीचं वजन

६ मार्च

ही वही पाण्याच्या आकड्यांसाठी घेतली. हिची वही कपाटात वरच्या फळीवर आहे. तिच्यात निम्मी पानं कोरी असतील, पण ती उघडायची म्हणजे हिचं अक्षर बघावं लागणार. दुकानदाराकडे रेघांची वही मागितली, त्याने चौकटींची दिली. मी परत केली नाही. हल्ली मी काहीच परत करत नाही.

हिला जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले.

सहा वर्षं ही दर दुसऱ्या गुरुवारी ओढ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायची. शेतात टाकलेलं खत पावसाबरोबर ओढ्यात उतरतं, ओढा ते तलावात नेऊन ओततो, आणि उन्हं तापली की तलाव हिरवा होऊन नासतो. मासे पोट वर करून तरंगतात, नळाच्या पाण्याला वास येतो. खतातला फॉस्फरस किती उतरला ते मोजायचं, एवढंच काम. तलाव समिती दुसरा माणूस शोधायला लागली तेव्हा मी म्हटलं, मी करतो. का म्हटलं ते सांगता येणार नाही. तीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो, आकडे लिहायची सवय आहे, तेवढं एक कारण पुरे.

तीन जागा, तीन बाटल्या. एक नंबर पुलाच्या वरच्या अंगाला, जिथे अजून शेतं लागत नाहीत. दोन नंबर तलावाच्या तोंडाशी. तीन नंबर धाकट्याच्या चराशी. धाकटा म्हणजे माझा भाऊ. ओढ्याकाठचं खालचं शेत समितीच्या मालकीचं, ते तो एकोणीस वर्षं खंडाने करतोय. तीन नंबरचा आकडा सलग तीनदा ०.१० च्या वर गेला तर शेत काढून घ्यायचं, असा नियम आहे. हा नियम हिनेच समितीकडून करून घेतला. चराच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलं जमीन गवताला सोडायला लावली तीही हिनेच, म्हणजे वाहून येणारं खत गवत अडवेल. धाकटा महिनाभर कुरकुरला. मग म्हणाला, वहिनी, दिला शब्द. हिचा शेवटचा आकडा ०.०७ होता.

सकाळी बाटल्या धुतल्या. एक आणि दोन नुसत्या विसळल्या. तीन नंबरच्या बुडाला चिखलाचा थर होता. ती गरम पाण्यात धुण्याची पावडर घालून ब्रशने घासली. काचेला लिंबाचा वास यायला लागला. मग एकदा नळाखाली धरली. पाणी वाया घालवलेलं हिला चालायचं नाही. भावाची बाटली आहे, स्वच्छ असलेली बरी.

७ मार्च

नमुने घेतले. ही पाण्यात उतरायची. मी काठावरून काठीला बाटली बांधून बुडवली. भरली की वर घेतली.

बसने शहरात नेऊन प्रयोगशाळेत दिल्या. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "काका, बाटली असावी तर अशी. बाकीचे लोक गटारातून उचलून आणल्यासारख्या आणतात." तपासणाऱ्या बाई आतून बाहेर आल्या. हिची चौकशी नाही केली, तेवढं बरं झालं. म्हणाल्या, "ताई करायच्या तसंच करा. त्यांनी वहीत सगळं नीट लिहून ठेवलंय."

मी हो म्हटलं.

१२ मार्च

काही नाही.

१५ मार्च

आकडे आले. ०.०३, ०.०५, आणि तीन नंबर ०.१९.

ओळ दोनदा वाचली. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि भाजी निवडायला बसलो. निवडून झाल्यावर कळलं की देठं पातेल्यात गेली आणि पानं कचऱ्यात.

१६ मार्च

धाकट्याकडे गेलो. कागद दाखवला. तो हात पुसत बाहेर आला, चष्मा शोधायला आत गेला, परत आला.

"चुकलं असेल काहीतरी, दादा."

"प्रयोगशाळेत मशीन आहे. मशीन कशाला चुकेल?"

"मी यंदा निम्मंच खत टाकलंय."

काट्यावर रोज दहा ड्रायव्हर सांगायचे की तुमचा काटा चुकतो. तीस वर्षांत काटा एकदाही चुकला नाही, माणसंच चुकली. निघताना गोठ्यामागे खताची सात पोती दिसली. आत काय आहे ते विचारलं नाही. पोत्यावर छापलेलं वाचता येतं.

भावजय म्हणाली, "भाऊजी, जेवून जा." मी जेवून आलो म्हणून सांगितलं. खोटं होतं.

२१ मार्च

नमुने. या वेळी तीन नंबर दोनदा घासली. पावडर जास्त घातली, फेस कोपरापर्यंत आला. आकडा वर गेलाय तर बाटलीवर कोणी बोट ठेवायला नको.

२९ मार्च

०.२६.

बोटवाला घरी आला. तलावात बोटी भाड्याने देतो, समितीचा अध्यक्षही तोच. गेल्या वर्षी तलाव हिरवा झाला तेव्हा याच्या बोटी दोन महिने उलट्या पडून होत्या. खुर्चीच्या टोकावर बसला. हिच्या खुर्चीवर. मी उठवलं नाही.

"तुम्हाला अवघड जाईल," म्हणाला. "शेवटी भाऊ आहे. लोक म्हणतात, आपला तो बाब्या."

"माझ्या काट्यावर माझ्या सासऱ्यांची गाडी आली होती. तीही जशीच्या तशी लिहिली."

त्याने मान हलवली. चहा अर्धा ठेवून गेला. मी तो पिऊन टाकला, गार झालेला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. फक्त वाटलं, हिला दिलेला शब्द होता. ही जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते आणि यानं मोडला.

३१ मार्च

खालच्या शेतावरून गेलो. कोबी लहान आहे, पानं पिवळी. एवढं खत घालून ही गत, म्हणजे याचं कसण्यातलं लक्षच उडालंय. गवताची पट्टी मात्र दाट आहे. काही ठिकाणी नवं बी टाकलेलं दिसलं. दाखवायला असेल.

धाकटा चरात गुडघाभर उतरून काहीतरी काढत होता. वर बघून म्हणाला, "या खेपेला चिमूटभरही टाकलेलं नाही, दादा. एक चिमूट नाही."

"बघू, आकडा येईल," मी म्हटलं.

त्याने खोरं खाली ठेवलं. लहानपणी मारामारी करण्यापूर्वी हातातलं ठेवायचा तसंच. मग परत उचललं.

४ एप्रिल

तीन नंबर काल सकाळपासून साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. आज घासून, एकदा विसळून नेली. खिडकीवरचा माणूस दुसऱ्याला दाखवत होता, "बघ, शीक काकांकडून." मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं म्हणून लिहून ठेवतो.

१२ एप्रिल

०.३१.

१३ ते १९ एप्रिल

काही नाही. अठराच्या गुरुवारी नमुनेही घेतले नाहीत. दाढी केली नाही. कोणी काही म्हणालं नाही, कारण कोणी आलं नाही.

२४ एप्रिल

समितीची सभा शाळेच्या वर्गात होती. लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. बोटवाल्याने मला वाचायला सांगितलं. मी तारखा वाचल्या, आकडे वाचले. माझा आवाज काट्यावरचाच होता, गाडी नंबर, भरलेलं वजन, पुढची गाडी. धाकटा शेवटच्या बाकावर होता. त्याला विचारलं काही सांगायचं आहे का. तो म्हणाला, "दादाने वाचलंय. मी काय सांगणार."

हंगाम संपला की शेत समितीकडे. हात वर झाले. मला मत नव्हतं.

बाहेर सायकलींपाशी तो माझी वाट बघत होता.

"एकच विचारतो," म्हणाला. "तीस वर्षं काट्यावर होतास. रिकामी गाडी तोलल्याशिवाय भरलेली तोलली होतीस का कधी?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. सगळ्या गावाच्या गाड्या दोनदा तोलल्यास. भावाची एकदाच."

तो गेला. रागावलेला माणूस काहीही बोलतो. मी घरी येऊन कपडे वाळत घातले.

२७ एप्रिल

धाकट्याने गवताची पट्टी नांगरून काढली.

पुलावरून बघितलं. चराच्या दोन्ही बाजूंना काळी माती, थेट पाण्यापर्यंत. सहा वर्षांचं गवत मुळं वर करून पडलं होतं. तो ट्रॅक्टरवरून उतरला नाही. मी हाक मारली तेव्हा इंजिन बंद करून म्हणाला, "गवत असून ०.३१. मग गवत कशाला? निदान शेवटचं पीक तरी पुरं घेतो."

"हिला शब्द दिला होतास."

"तिला दिला होता. ती असती तर आधी मला विचारलं असतं, मग कागदाला."

मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही. मला वाटलं होतं की मला वाईट वाटेल. हात कठड्यावर होते आणि कठडा गार की गरम तेसुद्धा कळत नव्हतं.

३० एप्रिल

काल दिवसभर पाऊस. ओढा गढूळ, चहाच्या रंगाचा. चराच्या तोंडाशी मातीचा पंखा पसरलाय, तलावाकडे.

१ मे

उद्या गुरुवार. शेत गेलं तरी नमुने चालूच आहेत, कारण तलाव आहे.

बाटली घासत होतो. गरम पाणी, पावडर, ब्रश. नळाखाली एकदा धरली आणि उलटी केली. बुडाशी एक बुडबुडा राहिला होता, निळसर. तो फुटेना. बाटली नाकाशी नेली, लिंबाचा वास. रिकाम्या बाटलीला.

रिकामी गाडी.

काट्यावर गाडी आली की आधी रिकामी तोलायची. चाकांना लागलेला चिखल, मागे राहिलेली वाळू, ड्रायव्हरची पेटी, सगळं गाडीचं वजन. मग भरलेली. मग वजाबाकी. हे मी पन्नास नव्या पोरांना शिकवलं.

मी पावडरचा डबा घेतला. मागे बारीक अक्षरात काय काय घातलंय ते लिहिलं होतं. चष्मा लावून वाचलं. चौथं नाव फॉस्फेट.

डबा जागेवर ठेवला. हात सुकवले. मग तिथेच स्वयंपाकघरात खाली बसलो.

२ मे

बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणलं, बॅटरीत घालतात ते. त्यात काहीच नसतं. तीन नंबरची बाटली नेहमीसारखीच घासली, एकदा विसळली आणि त्या पाण्याने भरली. चराकडे गेलोच नाही. चिठ्ठीवर "तीन" लिहिलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आज पाणी फारच स्वच्छ दिसतंय, काका."

९ मे

बाईंचा फोन कागदाच्या आधी आला.

"तीन नंबर ०.२२ आहे. पण काका, पाण्यात बाकी काहीच नाही. माती नाही, क्षार नाही. असं पाणी ओढ्यात नसतं. काय पाठवलंत तुम्ही?"

मी सांगितलं. पावडर, ब्रश, एकदा विसळणं, सगळं.

"काका, ताईंच्या वहीत पहिल्याच पानावर आहे. तुम्ही बघितली नव्हती?"

"नाही."

"का हो?"

खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत होतं, पण मी फोन ठेवून दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा वरच्या फळीवर होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून जेवत होतो.

स्टूल घेतलं. वही काढली. धूळ फार नव्हती. पहिलं पान:

"बाटली ओढ्याच्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची. साबण, पावडर कधीही नाही. काठावरून नाही, मधल्या धारेत उभं राहून."

आणि खाली दुसऱ्या पेनाने, अक्षर जरा वाकडं, म्हणजे शेवटच्या महिन्यातलं:

"ह्यांना हे सांगून ठेवायचं. भांडी फार घासतात."

सांगायचं राहिलं असणार. त्या महिन्यात बरंच राहिलं. किंवा सांगितलंही असेल आणि मी हो म्हटलं असेल. मी हल्ली सगळ्याला हो म्हणतो, तेव्हापासूनच म्हणत होतो बहुतेक.

१० मे

धाकट्याकडे गेलो. तो गोठ्यामागे होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, वळणं न घेता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग खताच्या पोत्यांपैकी एक उचलून माझ्यापुढे उलटं केलं. आतून वाळलेलं गवत आणि बी पडलं.

"जुनी पोती," म्हणाला. "सहा वर्षांपूर्वीची. पट्टी विरळ झाली होती तिथे टाकायला बी गोळा केलं होतं."

"मला सांगायचंस."

"तू विचारायचंस."

मी म्हटलं, "चुकलो." त्याने पोतं सरळ केलं. बी परत पोत्यात भरायला लागला. मी पण खाली बसून भरायला लागलो. भावजय दारात येऊन बघून गेली. कोणी जेवायला थांबा म्हणालं नाही. मी तासाभराने निघालो.

१२ मे

पुन्हा शाळेचा वर्ग. तिन्ही आकडे खोटे आहेत आणि खोटेपणा माझा आहे, हे उभं राहून सांगितलं. बाईंनी पत्र दिलं होतं, ते बोटवाल्याने वाचलं. कोणीतरी मागून म्हणालं की शेवटी आपला तो बाब्या खराच. बोटवाल्याने त्याला गप्प केलं. तिन्ही आकडे रद्द, शेत धाकट्याकडेच, मोजणी पहिल्यापासून.

एकानेही नांगरलेल्या पट्टीचं नाव काढलं नाही. ते कोणत्या ठरावाने परत येणार?

१६ मे

धाकटा पुलावर आधीच येऊन थांबला होता. "बघायला आलोय," म्हणाला. एवढंच.

एक, दोन झाल्या. तीन नंबरला मी पायजमा वर खोचला आणि उतरलो. काठावरून नाही, मधल्या धारेत. पाणी मांडीपर्यंत आलं.

गार होतं. इतकं गार की माझ्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला. गेल्या चार महिन्यांत मला काही लागलं नव्हतं, ना ऊन, ना चटका. हे लागलं. पायांच्या हाडांपर्यंत लागलं. ही सहा वर्षं दर पंधरवड्याला इथे उभी राहायची आणि घरी येऊन मला म्हणायची, जरा गार होतं पाणी. मी पेपर वाचत हं म्हणायचो.

"दादा?"

"काही नाही. गार आहे."

"वहिनी पण असंच ओरडायची," धाकटा म्हणाला. "दर वेळेला."

मला माहीत नव्हतं.

तीनदा विसळली. भरली. त्याने वरून हात दिला.

दुसरी बाटली बॅटरीच्या पाण्यानेच तीनदा विसळून त्याच पाण्याने भरली, रिकामी गाडी म्हणून. दोन्ही दिल्या.

२४ मे

कागद घेऊन धाकट्याकडे गेलो. आज भावजयीने चहा दिला. त्याने विचारण्याआधीच मी कागद मध्ये ठेवला. रिकामी बाटली: ०.००. तीन नंबर: ०.१७.

तो बराच वेळ बघत होता.

"नांगरलं त्याचं आहे," म्हणाला.

"हो."

"सहा वर्षं लागली होती गवताला."

"हो."

"रिकामी तोललीस?"

"तोलली. शून्य आली."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "मग लिही. या खेपेला खरा आहे."

मी पिशवीतून हिची वही काढली. ०.०७ च्या खाली मार्च-एप्रिलचे तिन्ही आकडे लिहिले, आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "चूक, माझी." त्याखाली आजची तारीख आणि ०.१७. माझं अक्षर हिच्या अक्षराखाली फारच मोठं दिसत होतं. मला रडू आलं. धाकट्याने बघितलं आणि बशी उचलून आत नेली, मग रिकाम्या हातांनी परत येऊन बसला.

नियमाप्रमाणे ही पहिली खेप. अजून दोन वर गेल्या तर शेत जाईल, आणि या वेळी खरोखर जाईल. गवत दोन खेपांत उगवत नाही. हे त्यालाही ठाऊक आहे.

उद्या सकाळी सात वाजता पट्टीवर बी टाकायचं ठरलंय. पोती तो आणणार आहे, दाताळं माझ्याकडे आहे. आता आकडे हिच्याच वहीत लिहीन. ही चौकटींची वही राहील तशीच.